रांजण धुवायचा नसतो

यमुताईच्या हातचं पाणी प्यायचं तर आधी तिची बोलणी खावी लागत. लकडगंजातल्या आमच्या लाकडाच्या गल्लीत दर उन्हाळ्यात पाणपोई लागते आणि तिथे पाणी द्यायला यमुताई बसायची. एखादा हमाल खर्रा चघळत आला की तिचं ओगराळं हवेतच थांबायचं. "आधी थुकून ये. इथं नाही, तिकडं नालीत." तो बिचारा थुंकून यायचा. तरी त्याला पेला मिळायचा नाही. ओंजळ धरायची आणि वरून धार. पेले फक्त साफ तोंडाच्या लोकांना. एकदा लाकूड कापायच्या एका आरामशीनच्या मालकाने घाईघाईत स्वतःच रांजणाचं झाकण उचललं, तर तिने त्याच्या मनगटावर ओगराळ्याचा दांडा हाणला. "मालक असशीन आपल्या घरचा. रांजणात हात नाही घालायचा." गल्ली हसली, मालकही हसला, आणि मग रांगेत उभा राहून पाणी प्याला.

माझं दुकान पाणपोईच्या बरोबर समोर. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, खिळे, स्क्रू. नवरा गेल्यापासून मी एकटीच चालवते. माझी जीभही काही मधात बुडवलेली नाही, त्यामुळे यमुताईचं आणि माझं जमायचं. ती कामठीहून शेअर ऑटोने यायची. तिचा नवरा तिथे हातमागावर कामाला होता, तो गेला, मुली आपापल्या घरी. उरलेल्या वर्षात ती कुणाकडे पापड लाट, कुणाचं बाळंतपण काढ, असं करायची. पण विचारलं तर पाणपोईचंच सांगायची, मी प्याऊवर असते. दुसरं काही सांगायची नाही.

ती नखं कापून यायची. पेले राखेने घासून उन्हात पालथे घालायची. रांजणावरचं लाल कापड रोज धुवायची, ओटा खराट्याने घासायची, आणि घासताना पाणपोई चालवणाऱ्या मंडळाच्या लोकांचा उद्धार करायची, कारण त्यांच्यापैकी कुणी कधी एक बादली उचलली नाही. बाहेरून त्या रांजणाइतकी स्वच्छ वस्तू सगळ्या लकडगंजात नसेल.

बाहेरून.

आता आतलं सांगते. मंडळाचं नाव जलसेवा मंडळ, अध्यक्ष भैय्याजी. सागवानाचे मोठे व्यापारी. आपली आई रुख्मिणीबाई हिच्या नावाने त्यांनी ही पाणपोई घातली. विटांच्या ओट्यात कमरेपर्यंत बसवलेला मातीचा मोठा रांजण, मागे कापडी फलक, फलकावर आई लहान आणि हात जोडलेले भैय्याजी मोठे. अक्षय तृतीयेला पूजा व्हायची. काशीहून आणलेला, डाग देऊन बंद केलेला गंगेचा गडू भैय्याजी सगळ्यांदेखत उघडायचे आणि रांजणात ओतायचे. मग माझ्या दुकानातल्या नळाला पाइप लावून रांजण काठोकाठ भरायचा. तिथून पुढे मृग लागेपर्यंत तो रिकामा करायचा नाही. आत गंगा आहे. रिकामा केला म्हणजे गंगा ओतून दिली. रोज सकाळी जेवढं पाणी कमी झालं असेल तेवढं वरून घालायचं, म्हणजे गंगा अक्षय राहते. मृगाला उरलंसुरलं पाणी पिंपळाच्या बुंध्याशी घालायचं, रांजणावर पोतं टाकायचं आणि पुढच्या वर्षी तोच तसाच भरायचा. घासायचा नाही. गंगेने भिजलेली माती कुणी घासतं का?

हा नेम यमुताई डोळ्यांत तेल घालून पाळायची. गल्लीत कितीही गर्दी झाली तरी पाणी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. एका उन्हाळ्यात मंडळाच्या एका पोरसवदा सभासदाने रांजण धुऊन काढू म्हटलं, तर तिने त्याची आई-आजी काढली होती. त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही.

यंदा मे महिन्यात, नवतप्याचे ते नऊ जाळणारे दिवस लागायच्या आधीच, गल्लीतले हमाल आजारी पडायला लागले. उलट्या आणि हगवण. एक उठला की दुसरा आडवा. आधी सगळे म्हणाले ऊन लागलं. नागपुरात मे महिन्यात माणूस कशानेही आडवा पडला तरी ऊनच लागलेलं असतं. कांदा खिशात ठेवा, पन्हं प्या. मग शालिकराम पडला.

शालिकराम आमच्या गल्लीतला सगळ्यात दांडगा हमाल. सागाचा ओंडका उचलायला दोघे लागतात तिथे हा एकटा खांदा द्यायचा. त्याचा दोर आणि डोक्यावरची चुंबळ तो माझ्या दुकानात खिळ्याला टांगून जायचा. पाणी प्यायला बसला की ओंजळीवर ओंजळ, थांबायचा नाही, आणि यमुताई वरून धार सोडता सोडता म्हणायची, "रेडा हायेस का गा तू? बाकीच्यायले ठेवशीन का नाही?" तो तोंड न काढता हसायचा. सगळ्यात जास्त बोलणी त्यानेच खाल्ली आणि सगळ्यात जास्त पाणीही तोच प्याला. त्याला सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते आणि त्याला उभं राहवत नव्हतं.

आता मंडळाला जाग आली. मंडळाचा चिटणीस दुर्गेश, भैय्याजींचा पुतण्या. तो मोटारसायकलवरून न उतरताच यमुताईला म्हणाला, "आजी, तुम्ही काही दिवस घरी बसा. लोकं म्हणून राहिले, हातानं लागते हे. कामठीहून ऑटोत कुठं कुठं हात लावून येता तुम्ही."

दुसऱ्या दिवशी स्टुलावर नवी बाई. हातात रबरी मोजे. मोज्यांतल्या हातांनी ती त्याच रांजणातलं तेच पाणी देत होती आणि मोजे पाहून लोकांना बरं वाटत होतं. मला त्या मोज्यांचा अजून राग येतो. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की बाई, तू हात झाकलेस, पण आत काय आहे ते तरी बघ.

यमुताई घरी बसली नाही. रोज कामठीहून यायची आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर, पाणपोईकडे तोंड करून बसायची. मी म्हटलं, कशाला उन्हात येता, आराम करा. तर म्हणाली, "घरी बसली तर खरंच वाटंन लोकायले." त्या गल्लीत तिची सगळी पत तिच्या स्वच्छ हातांची होती. पैसा नाही, शिक्षण नाही, पाठीशी माणूस नाही. हात तेवढे होते, आणि तेच आता घाण ठरले होते.

एका दुपारी शालिकरामची बायको गोपिका ठेकेदाराला भेटायला गल्लीत आली. दवाखान्यातून थेट आली होती, पदराला औषधांचा वास. पायरीशी थांबली आणि म्हणाली, "तुमच्या हातचं पाणी पिऊन माहा माणूस सलाईनवर पडला. हात तरी धूत जा, माय."

यमुताई उठून उभी राहिली. दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. "पाह्य माह्ये हात. पाह्य न वं."

गोपिकाने पाहिलं नाही. ती पुढे निघून गेली. यमुताई तशीच हात धरून उभी होती. मी तिला खाली बसवायला गेले तर तिने माझा हात झटकला.

त्याच संध्याकाळी मी माझ्या भाचीला फोन केला. दामिनी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. ती बाटल्या घेऊन आली. माझ्या नळाचं पाणी घेतलं, रांजणातलं पाणी घेतलं, आणि एका लांब काडीला कापूस लावून रांजणाच्या आतली भिंतही पुसून घेतली. मोजेवाली बाई काय करता म्हणाली, तर मी तिला म्हटलं, तू तुझे मोजे सांभाळ.

दामिनी निकाल घेऊन दुकानात आली तेव्हा यमुताई पायरीवरच होती. दामिनीने तिला आत बोलावून स्टूल दिलं. नळाचं पाणी चांगलं होतं. त्यात क्लोरीन होतं, जंतू नव्हते. रांजणातल्या पाण्यात क्लोरीनचा मागमूस नव्हता आणि जंतू मात्र भरपूर होते, माणसाच्या पोटातून बाहेर पडतात ते. आणि भिंतीवरून काढलेल्या कापसावर तर विचारू नका.

"म्हंजे माह्या हातानं नाही झालं?" यमुताईने विचारलं.

"पहिला जंतू कुठून आला ते आता कुणीच सांगू शकत नाही, आजी," दामिनी म्हणाली. "ओगराळ्यावरून, धुळीतून, माशीमुळे, कुठूनही. नुसत्या वाहत्या, औषध घातलेल्या पाण्यात तो टिकला नसता. पण त्याला भिंत मिळाली. हे जंतू पाण्यात नुसते पोहत नाहीत. भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट बुळबुळ करतात. मग त्या बुळबुळीत एकावर एक राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वरच्यांना मारतं आणि तिथेच संपून जातं. खालच्यांपर्यंत पोचतच नाही. त्यांना खायलाही फारसं लागत नाही. उपाशी असले की आकसून पडून राहतात, महिनोन्महिने. रांजण कोरडा झाला तरी सगळे मरत नाहीत. पुन्हा पाणी आलं की पुन्हा वाढतात आणि थोडे थोडे सुटून पाण्यात येत राहतात. तुम्ही रोज वरून नवं पाणी घालता, म्हणजे त्यांना रोज घरपोच शिधा देता."

"पाणी तं नितळ दिसते," यमुताई म्हणाली.

"दिसतं. ते दिसण्याएवढे नसतातच."

यमुताईने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे घासला असता तं नसतं झालं हे?"

"दर दोन-तीन दिवसांनी रिकामा करून, ब्रशने घासून, वाळवून भरला असता तर एवढं झालं नसतं."

मला वाटलं होतं, आपले हात निर्दोष निघाले म्हणून तिला हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. तिचा चेहरा आधीपेक्षा भयंकर झाला. राग तिला नेहमी दुसऱ्यावर काढायची सवय होती, आणि आता त्यातला निम्मा घरीच परत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याजी दर्शनाला यावं तसे पाणपोईवर आले तेव्हा आम्ही तिघी तिथे उभ्या होतो. दामिनीने सगळं पुन्हा सांगितलं, फार नम्रपणे, मला तर नको इतक्या नम्रपणे. भैय्याजींनी ऐकून घेतलं आणि हसले.

"बेटा, गंगेचं पाणी वर्षानुवर्षं खराब होत नाही. दुनिया जानती है."

"काका, गडूतलं पाणी मी तपासलंच नाही. मी रांजण तपासला."

"तर मग रांजणात औषध टाकू."

"औषध वरचे मारील. थराच्या आत जाणार नाही. रिकामा करून घासावाच लागेल."

"रिकामा नाही होणार." आता ते हसत नव्हते. "माझ्या आईच्या नावाचा नेम आहे. गंगा नालीत सोडू मी? मृग आलाच आहे. तोवर औषध टाका."

मृग आलाच आहे. एक माणूस दवाखान्यात लोळतोय, रोज शंभर तोंडं त्या रांजणाला लागताहेत, आणि या माणसाला पंचांग आठवतंय. मी काही बोलणार एवढ्यात दुर्गेशने यमुताईला जरा बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्यापासून दोन हातांवर. सगळं ऐकू येत होतं.

"आजी, उद्यापासून तुम्हीच बसा परत. आम्ही सांगू सगळ्यायले का तुमचा काही दोष नव्हता. शालिकरामच्या बायकोले पण सांगू. फलकावर नाव टाकू तुमचं, सेवेकरी म्हणून. फक्त हे रांजणाचं बाहेर नका बोलू. मंडळाची खामखा बदनामी होऊन राहिली."

तिला हवं होतं ते सगळं त्याने एका दमात देऊ केलं. स्टूल, नाव, गोपिकासमोर मान वर करून उभं राहणं. तिने हो म्हटलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. खरं सांगते, मला वाटलं ती हो म्हणेल.

यमुताईने पदर खोचला, बाही वर केली, रांजणाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मोजेवाली बाई ओरडली. यमुताईने आतली भिंत बोटांनी खरवडली आणि हात बाहेर काढला. बोटांवर करड्या रंगाची बुळबुळ लोंबत होती, अगदी शेंबडासारखी. घाण वाससुद्धा नव्हता त्याला.

तो हात तिने भैय्याजींच्या तोंडासमोर धरला. "आता घाण झाले माह्ये हात. पाहून घ्या सगळ्यायनं. याले गंगा म्हणू नका, भैय्याजी. गंगेले लाज आणू नका."

पाणी प्यायला थांबलेले हमाल मागे सरकले. भैय्याजी पांढरे पडले. क्षणभर वाटलं, आता तरी याला कळेल. त्यांनी दुर्गेशकडे वळून सांगितलं, "रांजण बाटवला म्हातारीनं. घरून दुसरा गडू आण."

आणि दुर्गेशने आणला. आमच्यासमोर तो गडू उघडून त्याच पाण्यात ओतला, म्हातारीचा हात लागला म्हणून शुद्ध करायला. पुजाऱ्यालाही बोलावलं. दामिनी रडवेली झाली. मी माझ्या आयुष्यात भर रस्त्यात ज्या शिव्या कधी दिल्या नव्हत्या त्या त्या दिवशी दिल्या आणि मला त्याचं अजूनही काही वाटत नाही. मी त्याच वेळी माझ्या नळाचा पाइप काढून आत ठेवला. मंडळाने दुसऱ्या दुकानाच्या नळाला पाइप लावला.

यमुताई पायरीवरून उठून आता रस्त्याच्या मध्यावर उभी राहायला लागली. रांजणाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला अडवायची. "नको पिऊ गा. यातलं नको पिऊ." इतके उन्हाळे जिने त्या उन्हात माणसांना बोलावून बोलावून पाणी पाजलं, तीच आता तहानलेल्याला परत पाठवत होती. काही ऐकायचे. काही म्हणायचे, म्हातारीचं काम गेलं म्हणून पिसाळली. ती त्यांनाही तोडीस तोड उत्तर द्यायची. मी नळाचं पाणी बादलीत भरून दुकानाबाहेर ठेवायला लागले, पण दुपारपर्यंत ते चहासारखं तापायचं. रांजणातलं थंड. थंड पाण्यापुढे आमचं कोण ऐकणार?

शालिकराम गेला. मूत्रपिंडं बंद पडली म्हणे. हगवणीने शरीरातलं पाणी इतकं गेलं की ती पुन्हा चालू झालीच नाहीत. एवढा दांडगा माणूस पाण्यावाचून वाळून मेला, आणि तेही पाणी पिऊन.

मग मंडळ हललं. एका पहाटे मंत्र म्हणून रांजण उपसला. पाणी नालीत सोडलं नाही, पिंपात भरलं, पिंपावर हार घातला आणि टेम्पोने तलावावर नेऊन विसर्जन केलं. टेम्पोबरोबर पाचपन्नास माणसं होती. शालिकरामच्या अंत्ययात्रेला मंडळाचं एकही माणूस नव्हतं. त्या घाणीला खांदा मिळाला, त्याला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी गोपिका माझ्या दुकानात आली. नवऱ्याचा दोर आणि चुंबळ न्यायला. यमुताई पायरीवर होती. मी खिळ्यावरून दोर काढत होते तेव्हा यमुताई आत आली आणि तिच्यासमोर उभी राहिली.

"माह्ये हात धुतलेले होते, बाई," ती म्हणाली. "ते खरं हाये. पण तो रांजण मी कोणाले धुऊ नाही देल्ला. एक पोरगा धुतो म्हणे, त्याले मी हाकलला. मंडळानं सांगलं म्हणून नाही, मलेच तो नेम खरा वाटे. आता तू मले काय बोलायचं ते बोल."

गोपिकाने तिच्याकडे पाहिलं. या वेळी नीट पाहिलं. मग खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "पाणी द्या थोडं."

मी पेला घ्यायला वळले, तर तिने मानेने नाही म्हटलं आणि यमुताईकडे बोट केलं. यमुताईने पेला विसळला, नळाखाली धरला, भरून तिला दिला. गोपिका तो एका दमात प्याली. अजून एक मागितला, तोही प्याली. मग नळाकडे बघत राहिली.

"रांजणात याचंच पाणी भरत होते?" तिने मला विचारलं.

"हो."

"आन् हे चांगलं होतं?"

"हो. तपासलं आम्ही."

ती यमुताईकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "मंग माह्या माणसाले इथूनच काहून नाही पाजलं?"

यमुताईने तिच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"हे थंड नसते, बाई," ती म्हणाली.

गोपिकाने दोर खांद्यावर टाकला, चुंबळ उचलली.

"त्याईनं गरमबी पेलं असतं," ती म्हणाली.